विंडोज १० सोडून लिनक्स मिंटवर आलात? बॅकअपमधल्या फाइल्स अशा परत आणा

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ च्या आधीचे कितीतरी धडधाकट लॅपटॉप बाहेर राहिले. अशा मशीनवर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम छान चालते आणि बरेच जण तोच मार्ग धरतात. फाइल्स आधीच एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर काढून ठेवलेल्या असतात, त्या परत आणायचं काम तेवढं उरतं. वरवर पाहता ही नुसती कॉपी-पेस्ट आहे. पण फाइल होम फोल्डरमध्ये (मिंटमधल्या तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये) आली म्हणजे ती वाचता येईलच असं नाही. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं टाइप केलेला मराठी मजकूर आहे त्यांनी तर हे काम घाईने उरकूच नये.

आधी डिस्क ओळखा

डिस्क लावली की मिंटच्या फाइल मॅनेजरमध्ये डावीकडे तिचं नाव दिसतं. विंडोजच्या डिस्क बहुधा एनटीएफएस किंवा एक्सफॅट प्रकारच्या असतात, आणि मिंट दोन्ही वाचतं. डिस्क उघडतच नसेल तर शेवटच्या वेळी ती विंडोजमधून नीट 'इजेक्ट' न करता ओढून काढली गेली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी फॉरमॅटचा विचारही करू नका. कोणाच्या तरी विंडोज कॉम्प्युटरला ती लावा, डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये टूल्सखाली 'चेक' चालवा, व्यवस्थित इजेक्ट करा आणि मग मिंटला जोडा. डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या डिस्कला कुलूप लावायच्या सोयीने) बंद केलेली असेल तर पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी हवी.

एक नियम शेवटपर्यंत पाळा. बॅकअपच्या डिस्कवर काहीही बदलायचं नाही, हलवायचं नाही, पुसायचं नाही. तिथून फक्त कॉपी करायचं. 'कट' हा पर्याय विसरून जा.

बॅकअप कोणत्या पद्धतीने घेतला होता?

फोल्डर जसेच्या तसे कॉपी केले असतील तर पुढच्या भागाकडे वळा. विंडोज ७ च्या काळापासून चालत आलेलं 'बॅकअप अँड रिस्टोअर' वापरलं असेल तर डिस्कवर पुष्कळशा झिप फाइल्स दिसतील. त्या मिंटमध्ये सरळ उघडतात. एकच फोल्डर अनेक झिपमध्ये विखुरलेला असतो, म्हणून सगळ्या झिप एकाच ठिकाणी उलगडा, म्हणजे फोल्डर आपोआप जुळून येतील.

खरी कसरत विंडोजच्याच 'फाइल हिस्टरी' या दुसऱ्या बॅकअप सोयीची. ही सोय प्रत्येक बदललेली आवृत्ती वेगळी ठेवते आणि नावापुढे कंसात तारीख-वेळ जोडते. 'वार्षिक अहवाल' नावाची एकच फाइल पाच-सहा वेळा दिसते, प्रत्येकीच्या शेपटीला (२०२५_०९_१४ ०६_३०_१२ यूटीसी) असं काहीतरी. ही वेळ भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते, म्हणजे इथले साडेसहा म्हणजे आपल्याकडचे दुपारचे बारा. त्यांतली सर्वांत नवी आवृत्ती घ्यायची. फाइल्स थोड्या असतील तर हाताने निवडा. हजारो असतील तर दुसऱ्या विंडोज कॉम्प्युटरवर फाइल हिस्टरीतूनच त्या रिस्टोअर करून साध्या फोल्डरमध्ये काढून आणणं सोपं. नुसती शेपटी छाटायची असेल तर मिंटमध्ये 'बल्की' नावाचं एकगठ्ठा नाव बदलायचं साधन आहे. पण जुन्या आवृत्त्या आधी बाजूला काढा, नाहीतर एकाच नावाच्या फाइल्सची टक्कर होईल.

थोडं थोडं आणा

सगळी डिस्क एका झटक्यात ओढू नका. होममध्ये 'जुनं' नावाचा फोल्डर करा आणि एकेक फोल्डर तिथे कॉपी करा. आधी डॉक्युमेंट्स, मग फोटो, मग बाकीचं. विंडोजचा प्रोग्रॅम फाइल्सचा फोल्डर आणायचा नाही, ते प्रोग्रॅम इथे तसे चालणार नाहीत. टॅलीचा डेटा मात्र जरूर जपून ठेवा, जरी तो उघडायला विंडोजचंच मशीन लागणार असलं तरी.

एक फोल्डर झाला की दोन्हीकडे राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि फाइल्सची संख्या ताडून पाहा. हे दोन्ही आकडे मिंटमध्येच बघा. विंडोजमध्ये १०० जीबी दिसलेला फोल्डर मिंटमध्ये १०७ जीबीच्या आसपास दिसतो. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि मिंट १००० च्या, एवढंच त्याचं कारण. काही बिघडलेलं नसतं. आणखी खात्री हवी असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून 'मेल्ड' घ्या. ते दोन फोल्डर शेजारी ठेवून नेमका फरक दाखवतं.

इंग्रजी नावांच्या बाबतीत लिनक्स कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरतं, त्यामुळे एकाच नावाचे दोन फोल्डर तयार झालेले दिसू शकतात. साध्या टेक्स्ट फाइलवर क्लिक केल्यावर 'चालवायची की दाखवायची' असं विचारलं तर घाबरू नका. एनटीएफएसवरून येताना प्रत्येक फाइलला 'चालवण्याची' परवानगी चिकटून येते. 'दाखवा' म्हणा, किंवा प्रॉपर्टीजच्या परमिशन्समधून ती खूण काढून टाका.

मराठी मजकूर: इथे वेळ द्या

मंगलसारख्या युनिकोड फॉन्टमध्ये (म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत) टाइप केलेलं पत्र लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे मिंटमधल्या वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये, सरळ वाचता येतं. मंगल मिंटमध्ये नसतो, त्याच्या जागी दुसरा देवनागरी फॉन्ट येतो आणि पानांची मांडणी थोडी सरकते, इतकंच.

जुन्या मजकुराचं तसं नाही. श्रीलिपी, सी-डॅकच्या आयएसएममधला सुरेख, कृतिदेव या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट नसला की संस्थेचं इतिवृत्त, आजोबांच्या आठवणी, दिवाळी अंकाचा लेख, सगळं पौंडाची चिन्हं, अपूर्णांक आणि टिंबं लावलेली इंग्रजी अक्षरं होऊन समोर येतं. फाइल खराब झाली असं समजून लोक ती पुसून टाकतात, याचं फार वाईट वाटतं. आतला मजकूर शाबूत असतो. मजकुरावर कर्सर ठेवा आणि वरच्या फॉन्टच्या चौकटीत बघा. तिथलं नाव तिरप्या अक्षरांत दिसलं तर तो फॉन्ट या मशीनवर नाही असा त्याचा अर्थ. तेच नाव कागदावर टिपून घ्या.

आता तो फॉन्ट शोधायचा. विंडोजमध्ये तो मुख्य विंडोज फोल्डरातल्या 'फॉन्ट्स'मध्ये असतो, आणि नेमका हाच फोल्डर बॅकअपमधून सुटतो, कारण आपण डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप तेवढं उचलतो. डिस्कवर नसेल तर सॉफ्टवेअरची मूळ सीडी पाहा, किंवा ऑफिसातल्या ज्या विंडोज मशीनवर तेच परवान्याचं सॉफ्टवेअर आहे तिथून घ्या. फॉन्टच्या फाइलवर डबल क्लिक केलं की मिंटमध्ये इन्स्टॉलचं बटण येतं. लिब्रेऑफिस बंद करून पुन्हा उघडा, आणि पान वाचता येईल. तोपर्यंत त्या फाइलमध्ये काहीही दुरुस्त करू नका, सेव्हही करू नका.

वाचता आल्यावर लगेच पीडीएफ करून ठेवा. पुढे युनिकोडमध्ये बदलायचं असेल तर फॉन्ट कन्व्हर्टर वापरा, पण मूळ फाइल आणि पीडीएफ दोन्ही राखून. रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी यांत कन्व्हर्टर चुकतात, म्हणून पीडीएफ शेजारी ठेवून एकदा वाचून काढा. पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅमच्या फाइल्स लिब्रेऑफिस ड्रॉ उघडू शकतं, तरी मांडणी हलते. त्यांची पीडीएफ विंडोजवरच करून आणलेली बरी.

ईमेल आणि ब्राउझर

ईमेलचा थंडरबर्ड आणि फायरफॉक्स ब्राउझर आपला सगळा पसारा 'प्रोफाइल' नावाच्या फोल्डरात ठेवतात. मिंटवर प्रोग्रॅम एकदा उघडून बंद करा, आणि जुन्या प्रोफाइलमधल्या वस्तू नव्या प्रोफाइलमध्ये कॉपी करा. मिंटवरचा प्रोग्रॅम जुन्याइतका किंवा त्याहून नवा असावा. विंडोजवर हे फोल्डर लपलेल्या 'ॲपडेटा' फोल्डरमध्ये असतात, बॅकअपमध्ये तिथेच शोधा. क्रोमचे पासवर्ड मात्र फोल्डर कॉपी करून येत नाहीत, कारण ते विंडोजच्या लॉगिनशी बांधून कुलूपबंद केलेले असतात. ते गूगल खात्यातल्या सिंकमधूनच मिळतील.

वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीतल्या काही फाइल्स फक्त नावापुरत्या लॅपटॉपवर असतात, मूळ प्रत ऑनलाइन. बॅकअपमध्ये त्या सापडल्या नाहीत तर ब्राउझरमधून वनड्राइव्ह उघडून उतरवून घ्या.

सगळं जागेवर आलं, प्रत्येक प्रकारच्या निदान चार-चार फाइल्स उघडून पाहिल्या, की नव्या मशीनचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या. मिंट सुरुवातीलाच 'टाइमशिफ्ट' चालू करायला सुचवतं, पण ते सिस्टिमसाठी आहे. तुमचा होम फोल्डर ते आपणहून घेत नाही. त्यासाठी मिंटमध्येच 'बॅकअप टूल' वेगळं दिलं आहे. तो नवा बॅकअप उघडून तपासेपर्यंत विंडोजच्या काळातली जुनी डिस्क कशासाठीही रिकामी करू नका.