साक्ष देताना या चुका टाळा

सांगली-मिरजेत ख्रिस्ती माणूस नवलाईचा नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत इस्पितळ उघडलं. तेव्हापासून या भागातल्या कितीतरी घरांना ख्रिस्ती माणूस माहीत आहे तो औषधपाण्यामुळे, बाळंतपणामुळे, रात्री-अपरात्री धावून आलेल्या नर्सबाईंमुळे. त्यामुळे येशूबद्दल बोललेलं लोक ऐकून घेतात. बिनसतं ते आपल्या रीतीमुळे. साक्ष द्या, म्हणजे येशूवरचा आपला विश्वास दुसऱ्याला सांगा, असं चर्चच्या मंडळीत दर रविवारी कानावर पडतं. कशी देऊ नये, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

मैत्रीला गळ लावणं

शेजारी नवे भाडेकरू आले. आपण डबा पाठवला, सिलिंडरवाल्याचा नंबर दिला, पोराला शाळेत सोडलं. महिन्याभरात उपासनेचं आमंत्रण दिलं. ते म्हणाले, ‘बघू की.’ आले नाहीत. मग डबा बंद, जिन्यातली विचारपूस बंद. ती माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, पण हिशेब त्यांना बरोबर कळतो.

स्वतःला एकच विचारा: हा माणूस जन्मात चर्चची पायरी चढणार नाही असं आज कळलं, तर उद्या मी त्याच्याकडे चहाला जाईन का? उत्तर देताना अडखळलात, तर तूर्त साक्ष राहू द्या आणि नुसता चहा प्या. बायबलमध्ये मार्काच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, एक श्रीमंत माणूस येशूकडे येतो. येशूने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली, असं मार्क लिहितो. तरीही तो माणूस खिन्न होऊन निघून गेला. येशू त्याच्या मागे धावला नाही, अट सैल केली नाही आणि त्याला शिव्याशापही दिले नाहीत. ती प्रीती काही परत घेतली गेली नाही.

खाटेजवळचा उत्साह

मिरज हे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून, कोकणातून पेशंट येतात, सोबत एखादं नातलग असतं, ते रात्री व्हरांड्यात चटईवर झोपतं. इथे साक्ष देण्याची संधी फार, म्हणून चुकाही फार. सलाइन लावलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. आपलं बोलणं नको असलं तरी तो मान डोलावतो, कारण आपण चांगलं बोलतोय आणि त्याला भीड पडते. त्या मान डोलावण्याला विश्वास समजू नका.

आधी सोबतच्या माणसाला विचारा, ‘जेवलासा काय?’ नसेल जेवलं तर भाकरीची सोय करा. प्रार्थनेचं विचारायचं तर नाही म्हणायला जागा ठेवून विचारा: ‘तुमच्यासाठी प्रार्थना करू का? इथे नको असेल तर मी घरी करीन, त्यात काही नाही.’ हो म्हणाले, तर दोन-तीन वाक्यांत आटपा. पेशंटचं नाव, दुखणं, डॉक्टरांचे हात, घरी राहिलेली मुलं, बस्स. काही जण डोळे मिटले की सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरुवात करतात आणि पेशंटला त्याच्या पापांची यादी ऐकवतात. ती प्रार्थना देवाला उद्देशून नसते, हे डोळे मिटलेल्या पेशंटलाही कळतं.

‘काहीतरी पाप झालं असेल म्हणून हे दुखणं’, हे तर अजिबात नको. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता आणि येशूने तो तिथेच खोडून काढला (योहान 9). ‘आता विश्वास ठेवलात ना, मग गोळ्या बंद करा’ असं सांगणारेही भेटतात. अशा माणसाला बाजूला घेऊन स्पष्ट शब्दांत थांबवा. ज्या गावात ख्रिस्ती डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून माणसं उभी केली, त्या गावात हे बोलणं दुप्पट लाजिरवाणं आहे.

प्रसादाच्या ताटलीपाशी प्रवचन

शेजारच्या काकू सत्यनारायणाचा शिरा घेऊन दारात उभ्या. घ्यावा की नाही, यावर आपल्यातच दोन मतं आहेत. प्रेषित पौलालाही करिंथच्या मंडळीला या विषयावर बरंच लिहावं लागलं. तुमचा निर्णय काहीही असो, मूर्तिपूजेवरचं व्याख्यान सुरू करण्याची ती वेळ नाही. काकूंनी तूप घालून रवा भाजलाय आणि आठवणीने तुमचा वाटा काढून ठेवलाय.

‘काकू, प्रसाद मी घेत नाही, राग मानू नका. पण संध्याकाळी चहाला येणार.’

‘या की मग. कांदाभजी करते.’

आणि खरंच जा. त्या चहावर काकू स्वतःच विचारतात, ‘तुमच्यात का चालत नाही वो?’ आता सांगा. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातली सूचना हीच आहे: विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. गणपती, वारी, दर्गा यांची टिंगल करून येशू कुणालाही आवडलेला नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक 1917 मध्ये साताऱ्यात येऊन राहिले, ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. तुकारामाचं बोट धरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं मानणारा हा माणूस. अभंग आणि कीर्तन त्यांनी टाकून दिलं नाही.

घरातल्यांवर घाई

याच टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली काही वर्षं ताटातुटीत गेली. पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही त्या आपलं सोवळं सांभाळत होत्या आणि त्यांचा निर्णय त्यांनी स्वतःच्या विचाराने घेतला. आपल्याकडे नवा ख्रिस्ती झालेला माणूस आठ दिवसांत आईचं देवघर हलवायला निघतो. सुनेने तर सासूला उपदेश करूच नये असं माझं मत आहे. आधी वर्षभर तिच्याशी नीट वागून दाखवावं, मग सासूच विचारेल.

मदतीत पत्रिका कोंबणं

2019 आणि 2021 च्या पुरात सांगलीकरांनी बघितलंय, पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ असतो आणि माणूस मिळेल ती पिशवी घेतो. त्या पिशवीत तांदळाबरोबर धर्मप्रसाराच्या पत्रिका घालू नका. तांदूळ द्या, गाळ काढायला फावडं घेऊन जा. धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क घटनेच्या 25 व्या कलमात आहे. मात्र दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणणं हा त्यात येणारा मूलभूत हक्क नाही, असं सुप्रीम कोर्टाने 1977 मध्येच सांगितलंय. कायदा बाजूला ठेवला, तरी भुकेल्या माणसाचा होकार धरायचा नसतो.

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज पहाटे वचन टाकणं आणि शेजारच्या मुलांना आईवडिलांना न विचारता शब्बाथशाळेला, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या बायबल-वर्गाला, नेणं, या दोन्हींबद्दल जास्त लिहायची गरज नाही. करू नका.

बिघडलंच असेल तर

शेजारी टाळायला लागले, तर लांबलचक खुलाशाचा मेसेज पाठवू नका. समोर जाऊन म्हणा, ‘त्या दिवशी मी जास्तच बोललो, चुकलं माझं.’ ‘पण’ लावून पुढे काही जोडू नका. ‘किती पैसे मिळतात तुम्हाला?’ असं कुणी विचारलं तर चिडू नका. मिळत नाहीत म्हणून सांगा, दानाची थैली आमच्याकडेच फिरते हेही सांगा आणि रविवारी येऊन मागच्या बाकावर बसून बघायला बोलवा. नाही आले, तर त्यांच्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढायला वेळेवर हजर राहा.