ब्राउझिंगची माहिती विकली जाऊ नये म्हणून फोनवर काय करावं

दिवाळीच्या आधी आत्याच्या फोनवर तिला करंजीच्या सारणाचं प्रमाण शोधून देत होते. पान उघडलं, तर खोबरं आणि साखरेच्या मधोमध गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात. खाली सरकले, तर पुन्हा पट्टा, दुसऱ्या कंपनीचा. आत्या हळूच म्हणाली, "अगं, परवा रात्री गुडघेदुखीवर वाचत होते मी. घरात कुणाला बोललेसुद्धा नाही." घरच्यांपासून ठेवलेली गोष्ट परक्यांना आधी कळावी, याचा मला मनापासून राग आला. त्या दुपारी तिचा फोन घेऊन बसले. जे जे केलं, ते त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. पाऊण तास हाताशी ठेवा.

आधी माहिती कुठून जाते ते पाहू. एक, आपणच टाकलेली अ‍ॅप्स आणि ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या सोयी. दोन, वेबसाइटच्या पानात बसवलेले ट्रॅकर, म्हणजे आपला माग ठेवणारे छुपे तुकडे. तीन, ज्यांच्याकडून आपण इंटरनेट घेतो ती कंपनी. बरेच जण इनकॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी, उघडून निर्धास्त होतात. पण इनकॉग्निटो बंद केल्यावर तो मुख्यतः आपल्या फोनवरची हिस्ट्री आणि कुकीज (साइट्सनी आपल्याला ओळखायला ठेवलेल्या छोट्या नोंदी) पुसतो. आपण कुठे गेलो हे त्या साइटला आणि इंटरनेट कंपनीला दिसायचं ते दिसतंच. याच गैरसमजावरून अमेरिकेत गुगलवर खटला झाला आणि २०२४ मध्ये कंपनीने अशा जुन्या नोंदी नष्ट करण्याचं किंवा त्यांतली ओळख पुसण्याचं मान्य केलं.

पहिली पायरी: राखणदार तपासा

सुरुवात इथूनच करा, कारण सगळ्यात मोठी गळती अनेकदा संरक्षणासाठी घेतलेल्या वस्तूतूनच होते. अवास्ट हे अँटिव्हायरस जगभर कोट्यवधी लोक वापरत होते. त्याची जम्पशॉट नावाची उपकंपनी याच ग्राहकांचं ब्राउझिंग विकत होती. जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी हे उघड केल्यावर जम्पशॉट बंद झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत ग्राहकांचं हित जपणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने अवास्टवर १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याची अट घातली आणि जाहिरातींसाठी असा डेटा विकायला बंदी केली. माहिती शंभरहून जास्त ठिकाणी गेली होती.

नावं काढून टाकली आहेत, हा अशा कंपन्यांचा नेहमीचा बचाव. तो किती पोकळ आहे ते बघा. नोंदीत नाव नसतं, पण प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक असतो आणि प्रत्येक क्लिकची वेळ सेकंदापर्यंत असते. समजा, १० वाजून ३ मिनिटं १७ सेकंदांनी एका क्रमांकाने एका दुकानातून चपला घेतल्या. त्या सेकंदाला कोणी पैसे भरले हे दुकानदाराला नाव-पत्त्यासकट माहीत आहे. दोन वह्या शेजारी ठेवल्या की क्रमांकाला नाव चिकटलं. मग त्याच क्रमांकाखालची रात्रीची दुखणी, कर्जाचे शोध, स्थळांच्या साइट्स, सगळं त्या नावावर जमा.

म्हणून कॉम्प्युटरवर क्रोममधली एक्स्टेन्शन्सची यादी उघडा आणि प्रत्येकाच्या 'डिटेल्स'मध्ये जा. 'सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचा आणि बदला' अशा अर्थाची परवानगी कूपन शोधणाऱ्या किंवा वॉलपेपर बदलणाऱ्या एक्स्टेन्शनकडे दिसली, तर ते काढून टाका.

फोनवर सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' उघडून डाउनलोड केलेल्या अ‍ॅप्सची नावं बघा. ही सोय दृष्टी किंवा हालचालीची अडचण असलेल्यांसाठी आहे. ती चालू असलेलं अ‍ॅप तुमच्या स्क्रीनवरचा मजकूर वाचू शकतं. आत्याच्या फोनमध्ये ती एका 'फोन साफ करणाऱ्या' अ‍ॅपला दिलेली निघाली. आधी परवानगी काढली, मग अ‍ॅप.

फुकट व्हीपीएनही काढा. व्हीपीएन म्हणजे तुमची सगळी ये-जा एका कंपनीच्या हातून. ती कंपनी पोट कशावर भरते हे कळत नसेल, तर तिच्या हाती हे देऊ नका. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो ही कंपनी विकत घेतली आणि तिच्या फुकट व्हीपीएनमधून लोक कोणती अ‍ॅप्स वापरतात याची माहिती गोळा केली. ते २०१९ मध्ये बंद झालं.

दुसरी पायरी: ब्राउझर

बातमीचं पान उघडताना त्यातली जाहिरातीची रिकामी जागा लिलावात निघते. पान पूर्ण दिसण्याआधीच तुमचं ठिकाण, फोनचा प्रकार आणि उघडलेल्या पानाचा पत्ता अनेक बोलीदारांकडे जातो. बोली एकच जिंकतो, पण माहिती हरणाऱ्यांनाही मिळालेली असते. मला या धंद्यातलं हे सर्वात वाईट वाटतं.

यावर उपाय म्हणजे ट्रॅकरला पानात शिरूच न देणं. अँड्रॉइडवर फायरफॉक्स घ्या, त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं एक्स्टेन्शन टाका आणि सेटिंग्जमधलं 'ट्रॅकिंग प्रोटेक्शन' 'स्ट्रिक्ट'वर ठेवा. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शनची सोय नाही, म्हणून मी फायरफॉक्स सुचवते. क्रोमच ठेवायचा असेल, तर निदान सेटिंग्जमध्ये 'थर्ड-पार्टी कुकीज' (उघडलेल्या साइटऐवजी परक्या कंपन्यांनी ठेवलेल्या कुकीज) शोधून त्या ब्लॉक करा. आयफोनच्या सफारीत त्या मार्च २०२० पासून आपोआप अडवल्या जातात.

तिसरी पायरी: जाहिरातीचा क्रमांक

प्रत्येक अँड्रॉइड फोनला एक अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी असतो. पत्त्यांचा खेळ, हवामान, पंचांग अशी वेगवेगळी अ‍ॅप्स याच क्रमांकावरून ओळखतात की हा तोच माणूस. सेटिंग्जमध्ये 'गुगल', त्यात 'अ‍ॅड्स', त्यात 'डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी'. सापडत नसेल, तर सेटिंग्जच्या वरच्या चौकटीत 'अ‍ॅड्स' लिहून शोधा. त्यानंतर क्रमांक मागणाऱ्या अ‍ॅपला नुसती शून्यं मिळतात. आयफोनवर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मधल्या 'ट्रॅकिंग'मध्ये जा आणि अ‍ॅप्सना विचारण्याची मुभा देणारं बटण बंद करा.

चौथी पायरी: गुगलची वही

गुगल खात्यात 'डेटा अँड प्रायव्हसी' उघडा, 'वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी' बंद करा आणि जुन्या नोंदी पुसा. बंद करायचं नसेल, तर 'ऑटो-डिलीट' तीन महिन्यांवर ठेवा.

पाचवी पायरी: इंटरनेट कंपनी

कुलूपवाल्या, म्हणजे एचटीटीपीएस साइटवर तुम्ही काय वाचलं हे इंटरनेट कंपनीला दिसत नाही, पण कोणत्या साइटवर गेलात ते कळतं. अमेरिकेत २०१६ मध्ये नियम झाला होता की ही माहिती वापरण्याआधी किंवा विकण्याआधी ग्राहकाची परवानगी घ्यावी. तो अमलात येण्याआधीच तिथल्या संसदेने रद्द केला आणि ३ एप्रिल २०१७ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यावर सही केली. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी आपल्या इंटरनेट कंपनीच्या खात्यात जाऊन जाहिरातींसाठी डेटा वापरण्याला नकार देण्याचा पर्याय आवर्जून शोधावा.

आपल्याकडे अँड्रॉइड ९ किंवा नंतरच्या फोनवर नेटवर्क सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' उघडा (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) आणि प्रोव्हायडरच्या नावाच्या जागी क्लाउडफ्लेअर या कंपनीचा पत्ता भरा: वन डॉट वन डॉट वन डॉट वन. 'वन' चारही वेळा इंग्रजी अक्षरांत लिहायचा आणि 'डॉट'च्या जागी टिंब द्यायचं. आकडे भरले तर फोन पत्ता घेत नाही. मी स्वतः पहिल्यांदा तिथेच अडकले होते. याने साइट शोधण्याचे प्रश्न कुलूपबंद होतात. साइटचं नाव इतर मार्गांनी कंपनीला कळू शकतं, त्यामुळे हे पूर्ण झाकण नव्हे, आणि विश्वास आता क्लाउडफ्लेअरवर टाकावा लागतो. तरी मी हे ठेवते.

सहावी पायरी: लेखी मागणी

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार असं ठरलं. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं हवं, असं हा कायदा म्हणतो. बंद केलेल्या खात्यांसाठी त्या त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला आत्तापासूनच ईमेल पाठवायला हरकत नाही: माझी संमती मागे घेत आहे, माझा डेटा पुसा आणि तसं लेखी कळवा. ईमेल जपून ठेवा.

सगळं झाल्यावर फोन बंद करून पुन्हा चालू करा. बँकेचं अ‍ॅप, यूपीआय आणि वीजबिलाची साइट उघडून बघा. एखादी साइट अडली, तर फक्त तिच्यापुरतं यूब्लॉक बंद करा. हॉटेलच्या किंवा स्टेशनच्या वायफायचं लॉगिन पान उघडत नसेल, तर प्रायव्हेट डीएनएस तेवढ्या वेळापुरतं 'ऑटोमॅटिक'वर आणा आणि बाहेर पडल्यावर पुन्हा लावा. आत्याला मी हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलंय. तो तिने फोनच्या कव्हरमध्ये घडी करून ठेवलाय.