डांबराऐवजी टाकाऊ माल वापरताना या चुका टाळा

डांबर वाचवून त्या जागी कारखान्यातून निघणारा टाकाऊ माल वापरावा, हे मला मनापासून पटतं. म्हणूनच असा रस्ता लवकर उखडला आणि सगळं खापर त्या मालावर फुटलं की वाईट वाटतं. बऱ्याचदा माल चांगलाच असतो. चूक होते ती त्याला डांबरासारखं वागवण्यात.

गंधकाचंच घ्या. कच्चं तेल आणि नैसर्गिक वायू शुद्ध करताना तो ढिगांनी निघतो आणि गरम डांबरात मिसळतोही. 100 किलो डांबरातलं 30 किलो कमी केलं, 30 किलो गंधक घातला, की हिशेब जुळला असं वाटतं. पण गंधकाची घनता डांबराच्या जवळजवळ दुप्पट आहे. 30 किलो डांबर सुमारे 29 लिटर जागा व्यापतं, तेवढाच गंधक जेमतेम 15 लिटर. खडीवरचा लेप पातळ होतो, मिश्रण कोरडं पडतं आणि खडी सुटू लागते. उखडलेला तुकडा हातात घेऊन बघा. खडीच्या कडा काळ्याऐवजी राखाडी दिसल्या, तर लेप पुरलेला नाही हा पहिला संशय घ्या. बदली नेहमी आकारमानाने मोजा आणि मिक्स डिझाइन, म्हणजे खडी आणि डांबर-गंधकाच्या प्रमाणाचं गणित, नव्याने करा.

त्याहून गंभीर चूक तापमानाची. मिश्रण घट्ट वाटलं की बर्नर वाढवायची हाताला सवय असते. इथे ती जिवावर बेतू शकते. 150 अंश सेल्सिअसच्या पुढे गंधक डांबरातला हायड्रोजन ओढून घेतो आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू झपाट्याने वाढतो. सडक्या अंड्यांचा वास आला की काम थांबवा. वास गेला म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, कारण हा वायू जास्त झाला की नाकच बधिर होतं. वायुमापक यंत्र हवंच. शिवाय 159 अंशांच्या पुढे वितळलेला गंधक पातळ होण्याऐवजी एकदम चिकट होतो, म्हणजे तापवून उपयोगही नाही. मिश्रण 140 अंशांच्या आसपास ठेवा आणि तापमान ट्रकमधल्या मालात थर्मामीटर खुपसून बघा, नुसत्या पॅनलवरच्या आकड्यावर विसंबू नका.

चाचणीची घाईही नडते. गंधकाचे स्फटिक हळूहळू बनतात, त्यामुळे असं मिश्रण दोनेक आठवडे कडक होत राहतं. दुसऱ्याच दिवशी नमुना नापास ठरवू नका.

प्लॅस्टिक वापरत असाल तर पीव्हीसी वेगळं काढा. तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू सुटतो. वापरलेल्या इंजिन ऑइलचा गाळ डांबर मऊ करतो खरा, पण प्रमाण वाढलं की थंडीत थराला भेगा पडतात.

आणि खडीऐवजी पोलाद कारखान्याची मळी (स्लॅग) घेणार असाल, तर ती ताजी उचलू नका. तिच्यातला मोकळा चुना पाणी लागलं की फुगतो आणि वरचा थर उचलला जातो. ढीग काही महिने उघड्यावर ओला ठेवा, प्रसरण चाचणी करा, मगच प्लांटवर आणा.