भाऊबीज झाली की जबलपूर : दोन मुक्कामांची तयारी

भाऊबीज आटोपली, पाहुणे आपापल्या गावी परतले आणि शाळा उघडायला अजून आठवडा आहे. नागपूरकरांनी जबलपूर याच दिवसांत करावं. पावसाळ्यात जबलपूरजवळच्या भेडाघाटची, संगमरवरी कड्यांमधून फिरवणारी नाव बंद असते, दिवाळीपर्यंत ती सुरू झालेली असते. नर्मदेला पाणी भरपूर आणि ऊनही सोसवणारं. अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. मनसर, देवलापार, खवासा, शिवनी, लखनादौन असा रस्ता. मुलांना घेऊन थांबत थांबत गेलं तरी सहा तासांत पोचतो. आम्ही पाच जणं असतो : आम्ही दोघं, सातवीतली मुलगी, साडेचार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, वय शहात्तर. पुढचं सगळं या पाच जणांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. तुमच्याकडे माणसं वेगळी असतील तर त्याप्रमाणे बदला.

गाडी निघण्याच्या चार-पाच दिवस आधी दाखवून आणा. आदल्या दिवशीवर ठेवलं तर पंचाईत होते, कारण दिवाळीत गॅरेजमधली पोरं गावी गेलेली असतात आणि एखादा पार्ट मागवायचा झाला तर दुकानही बंद. ब्रेक, कूलंट, वायपरचं पाणी, बॅटरी आणि दिवे बघून घ्या. टायरची हवा गाडी थंड असताना, सकाळीच तपासायची. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेचा तक्ता चिकटवलेला असतो. त्यात बहुतेक गाड्यांना दोन आकडे दिलेले असतात, एक कमी माणसांसाठी आणि एक भरलेल्या गाडीसाठी. आपण पाच माणसं आणि सामान घेऊन निघतो, तेव्हा दुसरा आकडा धरायचा. स्टेपनीतही हवा भरून घ्या. ती तपासायची राहून जाते आणि नेमकी लागते तेव्हा बसलेली असते. जॅक आणि पाना डिकीत आहेत की मागच्या वेळी कोणी काढून ठेवलेत, हे स्वतः हात लावून बघा.

टाकी नागपुरातच फुल करा. फास्टॅगमध्ये जाण्या-येण्याचे पैसे आदल्या रात्री टाका. टोलनाक्यावर बॅलन्स संपला तर जास्तीचे पैसे जातात आणि मागचे हॉर्न ऐकावे लागतात ते वेगळंच. आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन डिजिलॉकरमध्ये असले तरी जंगलाच्या पट्ट्यात रेंज येते-जाते, म्हणून एक झेरॉक्स संच पुढच्या खणात असू द्या. नकाशाही आधीच मोबाइलमध्ये उतरवून घ्या. राष्ट्रीय महामार्गाची मदत १०३३ वर मिळते आणि कुठल्याही संकटात ११२. हे दोन्ही आकडे मी कागदावर लिहून मुलीच्या पाऊचमध्ये ठेवते, कारण मोठी माणसं गडबडतात तेव्हा तिला ते वाचता येतात.

कोण कुठे बसणार हेही आधीच ठरवा. सासूबाई पुढे, कारण गुडघे लांब करता येतात. मागे खिडकीशी मुलाची सीट, मधे मी, दुसऱ्या खिडकीत मुलगी. मागच्यांनीही पट्टा लावायचाच. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा लहान मुलांची सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे, पण मी दंडासाठी सांगत नाही. मांडीवर घेतलेलं मूल जोरात ब्रेक लागला की हातात राहत नाही. घरी दोन दिवस त्याला त्या सीटवर बसवून चक्कर मारून आणा, म्हणजे रस्त्यावर रडारड होत नाही.

आता औषधांची पिशवी, आणि इथे मी जरा जास्त सांगणार आहे. मागच्या वर्षी खवासा मागे टाकून आम्ही कुरईच्या घाटात लागलो. धाकट्याचा चेहरा पांढरा पडला, ओठ सुकले, आणि "आई" म्हणेपर्यंत सगळं माझ्या ओढणीवर. उलटीच्या पिशव्या, ओले रुमाल, कपड्यांचा जोड, सगळं आणलं होतं. पण ते होतं डिकीत, दोन बॅगांच्या खाली. गाडी लगेच थांबवावी तर दोन्ही बाजूंना जंगल आणि कठडे. पुढे मोकळी जागा मिळेपर्यंत ते लेकरू तसंच बसून राहिलं. तेव्हापासून पायाशी एक कापडी पिशवी असते आणि तिला कोणी हात लावत नाही. त्यात जाड पिशव्या चार, त्यांना रबर, ओला आणि कोरडा रुमाल, त्याचा एक शर्ट आणि चड्डी, ओआरएसची पाकिटं, पाण्याची छोटी बाटली आणि संत्रं. उलटीचं औषध डॉक्टरांना वजन सांगून लिहून घ्यावं आणि ते म्हणतील तितक्या वेळ आधी द्यावं, घाट लागल्यावर नव्हे. दिवाळीत आंबिया बहाराची संत्री बाजारात आलेली असतात. साल नाकाशी धरून दाबली की जो बारीक फवारा उडतो त्याने मळमळ जरा दबते, निदान आमच्याकडे तरी दबते. त्याला मोबाइल मात्र द्यायचा नाही. मान खाली घालून बघितलं की वळणावर हमखास होतं.

सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या तीन दिवसांच्या ऐवजी पाच दिवसांच्या घ्या, आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. त्यांची पिशवी त्यांच्याच मांडीवर. चष्म्याचा जुना जोड, शाल, घट्ट बसणारे सपाट बूट. घाटाच्या पायऱ्या ओल्या असतात, चपलेने जाऊ देऊ नका.

खाण्याचं मी थोडक्यात सांगते. निघताना पोटभर नको, उपाशीही नको. मुलांना अर्धी पोळी आणि केळं. वाटेसाठी दशम्या, कोरडी चटणी, दिवाळीचा उरलेला चिवडा आणि खारे शंकरपाळे. लाडू डब्यात असले तरी शिवनी ओलांडेपर्यंत काढू नका. सांबारवडी आणि पाटोडी तेलकट, त्यांना घरीच थांबू द्या. शिवनीला पोहे-जिलेबी मिळते, आपल्यासारखी तर्री मात्र मागू नका. पेंचच्या पट्ट्यात रस्त्याकडेला माकडं बसलेली असतात. त्यांच्यासाठी खिडकी उघडून काही टाकायचं नाही, हे मुलांना निघण्याआधीच समजावून ठेवा. ती खायला मिळतं म्हणून रस्त्यावर येतात आणि गाडीखाली जातात. आता तिथे जनावरांना जायला महामार्ग उंच करून खालून वाट सोडली आहे. मुलीला हे दाखवायचं म्हणून मी तिला पुलाखाली लक्ष ठेवायला सांगते, त्यात अर्धा तास शांततेत जातो.

हॉटेल घेताना फोनवरच विचारा : लिफ्ट आहे का, गाडी आत लागते का, गरम पाणी किती वाजता येतं, मुलाचं वेगळं लावता का. सगळ्या मोठ्यांची आधारकार्डं मूळ घ्या. सोमवारी राणी दुर्गावती संग्रहालय बंद असतं, तेवढा वार सांभाळून दिवस लावा.

भेडाघाटला एक अख्खी सकाळ द्या. धुवांधार धबधब्याला कठड्याशी उभं राहिलं की तुषार अंगावर येतात, तेव्हा चष्मा पुसायला फडकं आणि मोबाइलला प्लास्टिकची पिशवी. नावेत बसण्याआधी प्रत्येकाला जॅकेट अंगावर घालायला लावा, मुलाच्या मापाचं नसेल तर थांबा, मिळेपर्यंत बसू नका. संगमरवराचे कडे दोन्ही बाजूंनी शंभर फुटांच्या आसपास उंच, आणि नाव त्यांच्या मधून जाते. सुट्टे पैसे खिशात हवेत, नाव, पार्किंग, नारळ, सगळीकडे लागतात. चौसष्ट योगिनींचं दहाव्या शतकातलं मंदिर वर आहे, शंभरावर पायऱ्या. सासूबाई खाली सावलीत बसतात आणि आम्ही दोघं पाळीपाळीने मुलांना घेऊन जातो. संध्याकाळी ग्वारीघाटची आरती, नदीकाठी गारवा झोंबतो, स्वेटर गाडीत ठेवू नका, अंगावर घाला.

दुसऱ्या दिवसाची दुपार मी मोकळी ठेवते. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि जबलपूर आपल्याच राज्यात. राज्यं बदलली, नागपुरातलं उच्च न्यायालय जबलपूरला गेलं, आणि सासूबाईंचे काका कोर्टाच्या नोकरीपायी बिऱ्हाड घेऊन तिकडे गेले. सासूबाई तेव्हा सात वर्षांच्या. चुलत बहीण अजून तिथेच आहे. दोघी तीन तास बोलतात, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. त्यांच्यासाठी एक पिशवी वेगळी भरा : दोन डझन संत्री, ब्लाउजपीस, चकल्यांचा डबा. संत्री कडक बघून घ्या, गाडीच्या उन्हात मऊ फळ दुसऱ्या दिवशी पाणी सोडतं. ही पिशवी मी डिकीत सगळ्यात वर ठेवते. त्या दुपारी मुलं कंटाळतात, म्हणून रंग आणि कोरी वही त्याच पिशवीत.

परतताना सकाळी दहाच्या आत जबलपूर सोडा. नोव्हेंबरात साडेपाचला सूर्य मावळतो आणि पेंचचा पट्टा अंधार पडण्याआधी पार व्हायला हवा. रामटेक वाटेवरून दिसतं, मोह होतो, पण गड घाईघाईत करू नये. ते वेगळ्या रविवारी.

घरचं आदल्या संध्याकाळी उरका. दूध आणि पेपर बंद, भाजीचा कप्पा रिकामा, तुळशीला पाणी घालायला शेजारच्या काकूंकडे किल्ली. रात्री बॅगा दाराशी लावून ठेवा, ज्या क्रमाने गाडीत जाणार त्या क्रमाने : मोठ्या आधी, डब्याची नंतर, संत्र्यांची वर. पायाशी ठेवायची कापडी पिशवी दाराच्या कडीलाच अडकवा. सकाळी गॅसचा रेग्युलेटर बंद करून, मुलाला बाथरूमला नेऊन, सहाला निघायचं. गाडी फाटकाबाहेर आली की मुलगी किलोमीटरचा आकडा वहीत लिहून घेते आणि आम्ही कामठी रोडला लागतो.