हुरड्याला जा, पण स्वतःच्या गाडीवर
येळवस (शेतात साजरी होणारी वेळ अमावास्या), हुरडा, ३१ डिसेंबर. लातूर-धाराशिवकडं जेवणं शेतातच होतात आणि अंधार पडला की बाटल्या निघतात. दारू सोडली असेल तर दिवसा जा आणि गाडी स्वतःची न्या. दुसऱ्याच्या जीपमध्ये बसलात की निघायची वेळ तुमच्या हातात राहत नाही. खरी अडचण तिथंच होते. पोटभर खा, हातात ताकाचा किंवा ताज्या आंबिलीचा गलास असू द्या. आग्रह झाला तर ‘मी घेत नाही, दादा’ एवढंच म्हणा. कारणं दिली की वाद वाढतो.

रोज भरपूर पिणाऱ्यानं मात्र एकदम बंद करू नये, झटके येऊ शकतात. आधी डॉक्टरांना भेटा. मन फारच ओढ घेत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मोफत बोलता येतं, मराठीतसुद्धा.