नाताळासाठी घर सजवताना आणि गाणी निवडताना

नाताळाची तयारी करताना अनेक घरांत आधी सजावट उरकली जाते आणि गाण्यांचा विचार २४ डिसेंबरच्या संध्याकाळी, पेटी झाकणाखालून बाहेर काढताना केला जातो. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. घरची माणसे आणि शेजारीपाजारी कोठे बसून गाणार आहेत, हे आधी ठरवावे आणि सजावट त्या जागेभोवती करावी. सांगली-मिरजेकडील बहुतेक घरांची बैठकीची खोली बेताचीच असते. झाड, गव्हाणीचा देखावा, सोफा आणि टीव्ही यांनीच ती भरून गेली, तर कॅरोल गात आलेल्या मंडळींना दारातूनच परतावे लागते. म्हणून सोफा भिंतीला सरकवून आठ-दहा जण मांडी घालून बसतील एवढी सतरंजी अंथरण्याची जागा मोकळी ठेवावी, आणि पेटी-तबला जेथे असेल तेथे विजेच्या माळांच्या वायरी येऊ देऊ नयेत.

या बैठकीच्या समोर, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर, गव्हाणीचा देखावा मांडावा. घरात एवढी एकच गोष्ट नीट केली तरी सजावट पुरेशी होते, असे मी मानतो. इ.स. १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो या गावी संत फ्रान्सिस यांनी खरे गवत, बैल आणि गाढव आणून येशूजन्माचा प्रसंग लोकांसमोर उभा केला. तेथपासून या प्रथेला मोठे बळ मिळाले. लूकच्या शुभवर्तमानात बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवल्याचे सांगितले आहे, आणि गव्हाण म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तरीही आपण थर्माकोलचा डोंगर आणि कापसाचा बर्फ आणतो. कापूस ठिणगीसरशी पेट घेतो, आणि कृष्णाकाठच्या डिसेंबरात बर्फाचे काही कारणही नसते.

त्याऐवजी गोठा आपल्याच शिवारातल्या वस्तूंचा करावा. डिसेंबरात ऊसतोड चालू असल्यामुळे पाचट सहज मिळते. ते दोन दिवस उन्हात वाळवून छपरासाठी वापरावे, आणि भिंतींसाठी गेल्या हंगामातील कडब्याची ताटे एकसारखी कापून सुतळीने बांधावीत. हिरवळीसाठी नवरात्रातील घटाप्रमाणे गहू पेरावा. थंडीत रुजवण हळू वाढते, म्हणून गहू एक रात्र भिजवून १३ किंवा १४ डिसेंबरला पसरट ताटलीतील काळ्या मातीत पेरावा आणि माती ओलसर राहील एवढेच पाणी रोज शिंपडावे. बेंदराला आणलेली मातीची बैलजोडी जपून ठेवली असेल, तर गोठ्यात तिला पहिले स्थान द्यावे. मेंढपाळांच्या मूर्तींच्या खांद्यावर जुन्या घोंगडीचे लहानसे तुकडे टाकावेत. जत, आटपाडी, माण या बाजूंचे धनगर उघड्या रानात मेंढरे बसवून रात्र जागतात, आणि बेथलेहेमच्या रानात देवदूताची वार्ता ज्यांनी पहिल्यांदा ऐकली तेही रात्री कळप राखणारेच होते. लहान मुलांना ही गोष्ट सांगताना घोंगडीचा तो तुकडा फार उपयोगी पडतो.

देखावा एकाच दिवशी पूर्ण करू नये. नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो, तेव्हा केवळ रिकामा गोठा मांडावा. पुढच्या रविवारी जनावरे, मग मेंढपाळ, त्यानंतर मरिया आणि योसेफ असे करत जावे, आणि बाळाची मूर्ती २४ तारखेच्या रात्री घरातील सर्वांत लहान मुलाच्या हातून ठेववावी. मागी लोकांना, म्हणजे बाळाच्या भेटीला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांच्या मूर्तींना, खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवून रोज थोडे पुढे सरकवावे, म्हणजे ते ६ जानेवारीला, प्रकटीकरणाच्या सणाला, गोठ्याशी पोहोचतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्यांची संख्या दिलेली नाही. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून तीन मागी मानण्याची परंपरा पडली आहे, त्यामुळे घरात दोनच मूर्ती असल्या तरी तिसरीसाठी धावपळ करण्याची गरज नाही.

दारावरचा तारा आकाशकंदिलाप्रमाणेच कामट्यांचा होतो. सारख्या लांबीच्या, साधारण ७५ सेंटिमीटरच्या दहा कामट्या घेऊन पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधाव्यात, त्या एकावर एक ठेवून पाचही टोके दोऱ्याने घट्ट आवळावीत, आणि आतील पाच कोनांत दहा-बारा सेंटिमीटरच्या पाच काड्या आडव्या बसवाव्यात, म्हणजे चांदणी फुगते आणि आत दिव्याला जागा होते. डिसेंबरात पहाटे दव पडते. पतंगाचा कागद त्याने सैल होतो, म्हणून तारा पागोळीच्या आत टांगावा किंवा जिलेटिन कागद वापरावा. आत कमी वॅटचा एलईडी दिवाच लावावा. मेणबत्त्या लावायच्या असतील, तर त्या पाचटापासून दूर, पाण्याने भरलेल्या ताटात उभ्या कराव्यात.

झाडासाठी सुरूची फांदी तोडून आणण्यापेक्षा कुंडीतील मोरपंखी किंवा अरौकॅरिया बरे, कारण ते पुढच्या वर्षीही उपयोगी येते. पॉइनसेटियाची लाल ‘फुले’ म्हणजे खरे तर रंग बदललेली पाने असतात, आणि त्यांना रंग चढण्यासाठी रोज लांब, अखंड अंधाराची रात्र लागते. म्हणून कुंडी ऑक्टोबरपासून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडणार नाही अशा जागी ठेवावी.

आता गाण्यांविषयी. आगमनकाळ हा वाट पाहण्याचा काळ आहे, त्यामुळे त्या चार आठवड्यांत संथ लयीची, आर्त शब्दांची मोजकी गीते म्हणावीत आणि जन्मोत्सवाची गाणी २४ तारखेपर्यंत राखून ठेवावीत. नाताळाची गाणी नोव्हेंबरपासूनच स्पीकरवर वाजत राहिली, तर त्या रात्री त्यांचे नवेपण उरत नाही.

निवड करताना आधी शब्द गुणगुणून पाहावेत. परदेशी चालीवर बसवलेल्या काही मराठी गीतांत ऱ्हस्व अक्षर लांबवावे लागते आणि दीर्घ अक्षर घाईत उरकावे लागते, त्यामुळे शब्दांचा अर्थ कानाला लागत नाही. ही अडचण रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी पुरती ओळखली होती. त्यांनी ख्रिस्ती भक्तीला अभंग, ओवी आणि भजनाचे वळण दिले. आयुष्याच्या अखेरच्या काळात, १९१७ पासून, ते साताऱ्यात राहिले होते, म्हणजे ही परंपरा आपल्या अगदी शेजारची आहे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये वापरल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या संग्रहात त्यांची पुष्कळ पदे आहेत. बैठकीसाठी सहा-सात गीते निवडावयाची असतील, तर त्यांपैकी चार तरी मराठी वळणाची असावीत, असा माझा आग्रह राहील.

पाश्चात्त्य चाली वर्ज्य मुळीच नाहीत. ‘सायलेंट नाइट’ हे शांत रात्रीचे जे गीत आज जगभर गायले जाते, ते २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे प्रथम गायले गेले, तेव्हा साथीला केवळ गिटार होती. ते दादऱ्याच्या सहा मात्रांत सहज बसते, मात्र तबल्याचा ठेका हलका हवा, आणि बाळाची मूर्ती ठेवताना तर ठेक्याशिवायच गावे. चार मात्रांच्या उत्साही चालींना केरवा चालतो. त्या शेवटी घ्याव्यात.

सूर ठरवताना घरच्या उत्तम गायकाकडे पाहू नये. गीतातील सर्वांत उंच ओळ आजीला आणि मुलांना म्हणायला सांगावी, आणि त्यांचा आवाज ताणला गेला, तर पट्टी एका सुराने खाली आणावी. स्त्री-पुरुष एकत्र गाणार असतील, तर पेटीवरील पांढरी एकपासून काळी दोनपर्यंतच्या पट्ट्यांत शोध घ्यावा. ओळखीच्या कोणाकडे तंबोरा असेल, तर तो अवश्य मागून आणावा. भोपळ्यापासून तंबोरे घडवणारी मिरज आपल्या हाताशी आहे, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. षड्ज-पंचमाचा तो अखंड नाद मागे असला, की लहान मुलेसुद्धा सुरात राहतात. ध्वनिमुद्रित संगीत करंज्या करताना किंवा माळा लावताना मंद आवाजात ठेवावे आणि माणसे गाऊ लागली की बंद करावे.

प्रकटीकरणाच्या सणानंतर देखावा उतरवताना गव्हाचे तृण गाईला किंवा शेळीला घालावे आणि पाचट खतात टाकावे. मूर्ती जुन्या सुती कापडात गुंडाळून ठेवाव्यात. ताऱ्याचा सांगाडा न मोडता माळ्यावर टांगावा, म्हणजे पुढच्या वर्षी केवळ कागद बदलावा लागतो.