परदेशात बनलेला पदार्थ अस्सल की नकली? वाद घालण्याआधी हे तपासा

एका देशाचा पारंपरिक पदार्थ दुसऱ्या देशात कोणी बनवून विकला की लगेच दोन गट पडतात, एक म्हणतो हा आमचा अपमान आहे आणि दुसरा म्हणतो खायचीच तर गोष्ट आहे, सोडा ना. मला दोन्ही पटत नाही. अभिमान उगाच आलेला नसतो, पिढ्यानपिढ्या कोणीतरी तो पदार्थ हाताने टिकवलेला असतो, पण बाहेर बनला एवढ्याच कारणावरून एखाद्याला नकली ठरवणं पण चुकीचंच. असा वाद समोर आला की मी कसं तपासतो ते लिहितोय.

आधी भांडण नक्की कशाचं आहे ते बघा. नावाचं, बनवायच्या पद्धतीचं, की पदार्थ मूळचा कुणाचा याचं? हे तीन वेगळे प्रश्न आहेत, उत्तरं वेगळ्या ठिकाणी मिळतात, आणि लोक तिन्ही एकत्र करून ओरडत बसतात. किमचीचंच बघा, म्हणजे कोरियातल्या आंबवलेल्या मसालेदार भाज्यांचं. नोव्हेंबर 2020 मध्ये चीनच्या पाओ छाय या आंबवलेल्या भाज्यांसाठी एक आयएसओ स्टँडर्ड आलं, म्हणजे मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं, चीनमधल्या एका वृत्तपत्राने बातमी अशी दिली की जणू किमचीचं जागतिक स्टँडर्डच चीनने ठरवलं, आणि दक्षिण कोरियात प्रचंड संताप उसळला. पण त्या स्टँडर्डमध्येच स्पष्ट लिहिलंय की हे किमचीला लागू नाही! आणि किमचीचं स्वतःचं कोडेक्स स्टँडर्ड, म्हणजे खाद्यपदार्थांचं आंतरराष्ट्रीय मानक, तर 2001 पासून आहे. म्हणून बातमीवर थांबू नका, मूळ कागद उघडून वाचा. पण कागद वाचून समोरच्याचा राग फालतू ठरवू नका हेही तितकंच महत्त्वाचं, कारण दक्षिण कोरियात आयात होणारी किमची जवळपास सगळी चीनमधूनच येते, तिथल्या बनवणाऱ्यांच्या पोटावर येणारी गोष्ट आहे ती, नुसता मानापमान नाही.

मग नावाचं तपासा. हे नाव कायद्याने राखीव आहे का, आणि असेल तर कोणत्या देशात? हा दुसरा भाग लोक विसरतात आणि तिथेच सगळा घोळ होतो. ग्रीसचं फेटा चीज घ्या. डेन्मार्क, जर्मनी, फ्रान्समध्ये वर्षानुवर्षं फेटा बनत होतं, डेन्मार्कमध्ये तर गाईच्या दुधाचं. 2002 मध्ये युरोपियन युनियनने हे नाव ग्रीससाठी राखीव केलं, जर्मनी आणि डेन्मार्क कोर्टात गेले आणि 2005 मध्ये हरले. आता नियम असा की दूध ग्रीसच्या ठरलेल्या भागातलं, मेंढीचं किमान 70 टक्के, उरलेलं फक्त बकरीचं, आणि कमीत कमी दोन महिने मुरलेलं. तरी भांडण संपलं नाही, डेन्मार्कमधल्या कंपन्या युनियनच्या बाहेर निर्यात करताना तेच नाव वापरत राहिल्या आणि 2022 मध्ये युरोपियन कोर्टाने सांगितलं की डेन्मार्कने हे थांबवायला हवं होतं. पण अमेरिकेतल्या कंपनीने अमेरिकेतच गाईच्या दुधाचं फेटा विकलं तर तिथे तो गुन्हा नाही. ग्रुयेर या चीजचंही तसंच, स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या उत्पादकांनी हे नाव अमेरिकेत राखीव करून मागितलं, 2023 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने नकार दिला, म्हणे तिथे हे चीजच्या एका प्रकाराचं सर्वसाधारण नाव झालंय. त्यामुळे 'कायद्याने नकली आहे' असं म्हणायच्या आधी कुठल्या देशाचा कायदा ते सांगा, नाहीतर दोघंही बरोबर असून भांडत राहाल.

नावाचं झालं की पद्धत. स्वतःला विचारा, हा पदार्थ जागेला बांधलेला आहे की कृतीला? युरोपियन युनियन खाद्यपदार्थांना देते ते शिक्केच बघा ना, पीडीओ म्हणजे सगळं त्याच भागात बनलं पाहिजे, पीजीआय म्हणजे निदान एक टप्पा तरी तिथे, आणि टीएसजी म्हणजे जागा कुठलीही चालेल पण कृती ठरलेलीच हवी. नेपल्सचा पिझ्झा 2010 पासून टीएसजी आहे. म्हणजे तशीच कणीक, तसाच लाकडाचा ओव्हन, जवळजवळ 485 डिग्री सेल्सिअस उष्णता, 60 ते 90 सेकंदात भाजलेला, असं सगळं नीट पाळणारा टोकियोतला माणूस अस्सलच बनवतोय, आणि नेपल्समध्येच बसून फ्रोजन बेस गरम करणारा नाही. इटलीच्या पार्मिजानो रेज्जानो या चीजचं मात्र उलट, ते त्या ठरलेल्या भागातच बनायला हवं आणि किमान 12 महिने मुरायला हवं, बाहेर कितीही मन लावून बनवा, ते नाव लावता येत नाही.

पण बाहेरचं म्हणजे हलकंच असं समजू नका. 2023 मध्ये इटलीतल्या पार्मा विद्यापीठातल्याच खाद्य-इतिहासाच्या अभ्यासकाने, अल्बेर्तो ग्रांदी यांनी म्हटलं की अमेरिकेच्या विस्कॉन्सिनमध्ये बनणारं पार्मेसान (पार्मिजानोच्या धर्तीवरचं चीज) हे जुन्या काळच्या इटालियन पार्मेसानच्या जास्त जवळ आहे, आणि इटलीत गदारोळ झाला. त्यांचं म्हणणं पूर्ण मानायलाच हवं असं नाही, पण देश सोडून गेलेले लोक जुनी पद्धत धरून ठेवतात आणि मूळ गावात ती बदलत जाते, हे शक्य आहे हे डोक्यात ठेवा. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण आपण अस्सल म्हणतो तेव्हा नक्की कुठल्या वर्षाचं अस्सल म्हणतोय हे कोणी सांगतच नाही.

'हा पदार्थ आमचाच' या दाव्याला लोक युनेस्कोचा पुरावा देतात, तो नीट समजून घ्या. युनेस्कोची यादी मालकी देत नाही, ती एखाद्या समाजाची परंपरा नोंदवते. किमची बनवायची सामूहिक प्रथा दक्षिण कोरियाच्या नावाने 2013 मध्ये नोंदली गेली आणि उत्तर कोरियाची 2015 मध्ये. कुसकुस या रव्याच्या पदार्थासाठी तर अल्जेरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशियाने मिळून अर्ज केला आणि 2020 मध्ये नोंद झाली, मला वाटतं सगळ्यांनी असंच करावं. विक्रमांनी तर काहीच सिद्ध होत नाही, 2010 मध्ये लेबनॉनने 10,452 किलो हुमुस (वाटलेल्या काबुली चण्यांचा पदार्थ) बनवून इस्रायलचा विक्रम मोडला, आकडा मुद्दाम देशाच्या चौरस किलोमीटरएवढा ठेवला, भावना समजते पण वाद आहे तिथेच आहे. मात्र जिथे लोकांवर युद्ध आलंय तिथे हिशोब मांडत बसू नका. युक्रेनी बोर्श्टची, म्हणजे बीटाच्या सूपची, परंपरा जुलै 2022 मध्ये युनेस्कोच्या तातडीने जपायच्या यादीत गेली कारण ती जगणारे लोकच विस्थापित होत होते, अशा वेळी बोर्श्ट आणखी कुठे कुठे बनतं हे शिकवायला जाऊ नये.

तुम्ही स्वतः दुसऱ्या देशाचा पदार्थ बनवून विकत असाल तर लेबल अगदी स्वच्छ ठेवा. कुठे बनलं, कशाचं बनलं, काय बदललं हे पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहा. त्या देशाचा झेंडा, नकाशा, तिथली प्रसिद्ध इमारत लावू नका, खरी फसवणूक तिथेच होते, कारण गिऱ्हाईक मागचे बारीक अक्षर वाचत नाही. ज्यांच्याकडून शिकलात त्यांचा उल्लेख करा. आणि त्या देशाचा कोणी येऊन म्हणाला की हे आमच्यासारखं नाही, तर लगेच बचाव करू नका, काय कमी वाटतंय ते विचारा, बहुतेक वेळा एखादा घटक किंवा मुरायचा वेळ निघतो आणि तो सुधारता येतो.

विकत घेताना आधी मागची बाजू वाचा, उत्पादनाची जागा आणि घटक बघा, युरोपमध्ये असाल तर पीडीओचा लाल-पिवळा गोल शिक्का शोधा. पुढे एक देश आणि मागे दुसराच असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, बॅच नंबर टिपून घ्या, आणि पोस्ट टाकण्याआधी तिथल्या अन्न खात्याकडे तक्रार करा.